पांढऱ्या पावडरीचा हुकूम : बर्लिनच्या बॅलेतलं एक प्रकरण

स्टाट्सबॅले बर्लिन ही जर्मनीतली सर्वांत मोठी बॅले कंपनी. शहरातल्या तीन ऑपेरागृहांचे वेगवेगळे नर्तकसंच २००४ मध्ये एकत्र आणून ती उभी केली गेली. २०१८ मध्ये क्लोए लोपेस गोम्स ही फ्रेंच नर्तकी तिथल्या कोअर द बॅलेमध्ये, म्हणजे प्रमुख नर्तकांच्या मागे ओळीने नाचणाऱ्या समूहात, दाखल झाली. कंपनीतली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री नर्तकी. पुढे 'स्वान लेक' या बॅलेसाठी तिला अंगाला पांढरा रंग, पांढरी पावडर, लावायला सांगण्यात आलं. ऑक्टोबर २०२० मध्ये तिचा करार वाढवला जाणार नाही असं तिला कळवलं गेलं. त्यानंतर तिने तोंड उघडलं. एप्रिल २०२१ मध्ये तडजोड होऊन कंपनीने तिला १६,००० युरो दिले आणि करार एका वर्षाने लांबवला.

बातमी म्हणून एवढ्यावर भागतं. वर्णभेद झाला, बोभाटा झाला, पैसे मिळाले, संपलं. मला या प्रकरणात त्या पावडरीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं ते तिचं जाणं-येणं. तोच नाच, तीच नर्तकी, तेच थिएटर. पावडर आधी सक्तीची होती, मग नव्हती, मग पुन्हा झाली. जी गोष्ट परंपरेने ठरलेली असल्याचं सांगितलं जात होतं, ती माणूस बदलला की बदलत होती.

आधी क्लोएविषयी दोन शब्द. जन्म नीसचा. शिक्षण मॉस्कोच्या बोल्शोई अकादमीत, पुढे लोझानच्या बेजार बॅलेत काम. म्हणजे 'संधी द्यायची म्हणून घेतलेली' असं तिच्याबद्दल म्हणायला जागा नाही. बोल्शोईच्या शाळेत परदेशी मुलीला टिकून राहायचं म्हणजे काय, हे बॅलेवाल्यांना सांगावं लागत नाही. तरीही तिच्या सांगण्यानुसार, तिला कंपनीत घ्यायचं ठरत होतं तेव्हाच एका बॅले मिस्ट्रेसने विरोध केला होता. समूहात एक काळी नर्तकी सौंदर्यदृष्ट्या बसत नाही, असा त्याचा मतितार्थ. हे तिच्या कानावर सहकाऱ्यांकडून आलं. बॅले मिस्ट्रेस म्हणजे समूहाची रोजची तालीम घेणारी बाई. कोण कुठल्या ओळीत, कोणाचा हात किती वर, कोणाला कुठल्या प्रयोगात घ्यायचं, हे सगळं प्रत्यक्षात तिच्या हातात असतं. दिग्दर्शक हंगामाच्या घोषणा करतो. नर्तकीचा दिवस चांगला जाणार की वाईट, ते बॅले मिस्ट्रेस ठरवते.

पांढरा रंग लावायचा हुकूम झाला तेव्हा क्लोएचं म्हणणं साधं होतं: मी कितीही फासलं तरी गोरी दिसणार नाही. ती तत्कालीन दिग्दर्शक योहानेस ओमान यांच्याकडे गेली आणि त्यांनी लावायची गरज नाही असं सांगितलं. विषय मिटला. पुढे कंपनीत उलथापालथ झाली. ओमान आणि सहदिग्दर्शक साशा वाल्ट्झ यांनी जानेवारी २०२० मध्ये पद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि ओमान स्टॉकहोमला गेले. त्यानंतर, क्लोए सांगते, पावडरीचा हुकूम परत आला.

पावडर मुळात लावतात कशाला?

बॅलेमध्ये 'पांढरे अंक' नावाचा प्रकार आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या रंगमंचावर गॅसचे दिवे आले आणि १८३० च्या आसपास त्या दिव्यांनी चांदणं दाखवलं जाऊ लागलं. त्या चांदण्यात भुतं, पऱ्या, अकाली मेलेल्या नवऱ्या मुली पांढऱ्या झिरझिरीत झग्यांमध्ये नाचू लागल्या. १८३२ चं 'ला सिल्फीद', १८४१ चं 'जिझेल', आणि १८९५ मध्ये पेतिपा आणि इवानोव यांनी बसवलेलं 'स्वान लेक' ही त्याच घराण्यातली. यातली बाई हाडामांसाची नसते. ती छाया असते, हंस असते, आत्मा असते. तिला वजन नाही, घाम नाही. चेहऱ्याची वेगळी ओळखही नाही, कारण ती एक नसून चोवीस असते.

त्यासाठी अंगाला पांढरं लावायची पद्धत पडली. गळा, खांदे, दंड, पाठ, सगळीकडे. आणि हे खरं आहे की ते गोऱ्या मुलीही लावतात. कंपनीच्या बाजूने बोलणारे लोक नेमकं हेच म्हणतात: सगळ्याच लावतात, तिलाच वेगळं कुठे सांगितलं?

हा युक्तिवाद कागदावर बरा दिसतो, मेकअपच्या आरशासमोर टिकत नाही. पांढऱ्या रंगद्रव्याचा पातळ थर गोऱ्या कातडीवर बसला की ती एखादी छटा उजळते, चट्टे झाकले जातात, निळसर दिव्याखाली सगळं एकसारखं दुधी दिसतं. तोच थर काळ्या कातडीवर बसला की पांढरा होत नाही, राखाडी होतो. आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनात मेकअपवाला एकच गुलाबी पॅनकेक आणि एकच ओला स्पंज घेऊन रांगेतल्या प्रत्येक पोराच्या तोंडावरून फिरवतो आणि दिवे लागले की सावळी पोरं राखुंडी फासल्यासारखी दिसतात. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना यापुढे काही सांगायला नको. थर जाड केला तर घामाने तो फुटतो, कोपराच्या आणि बगलेच्या घडीत जमतो, जोडीदाराच्या कपड्यांना लागतो. म्हणजे 'एकसारखं दिसावं' हा हेतूही साधत नाही. उलट ओळीतली ती एक जण आता दुप्पट वेगळी दिसते: मुळात काळी आणि वरून आजारी.

मग हुकूम कशासाठी? माझ्या मते, हेतू साधतो की नाही हे कोणी बघतच नव्हतं. पावडर लावणं हा समूहात शिरण्याचा कर होता. गोऱ्या मुलीला तो पाच मिनिटांत भरता यायचा, क्लोएला कधीच पुरा पडणारा नव्हता.

हा कर जुना आहे. १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये जॅनेट कॉलिन्स नावाच्या पोरसवदा मुलीने बॅले रूस कंपनीसाठी चाचणी दिली. कंपनीचे नृत्यदिग्दर्शक लिओनिद मासीन यांना तिचं काम आवडलं, पण प्रयोगात चेहरा पांढरा करावा लागेल अशी अट आली. तिने नकार दिला. तीच कॉलिन्स १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या बॅलेत प्रमुख नर्तकी झाली.

रेव्हन विल्किन्सनने दुसरा मार्ग धरला. १९५५ मध्ये ती बॅले रूस द माँते कार्लो कंपनीत रुजू झाली. वर्ण उजळ होता, त्यामुळे दौऱ्यात पावडर लावून निभायचं. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा गोऱ्या आणि काळ्यांना एका हॉटेलात राहायला कायद्याने बंदी होती. १९५७ मध्ये अटलांटाच्या एका हॉटेलात तिला थेट विचारलं गेलं. तिने खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं होतं. हॉटेल सोडावं लागलं. पुढे अलाबामातल्या मंटगमरीत कू क्लक्स क्लॅन या काळ्यांचा द्वेष करणाऱ्या संघटनेची माणसं रंगमंचावर चढून 'ती काळी कोण' असं विचारत होती आणि कोणीही नाव सांगितलं नाही. १९६१ मध्ये तिने कंपनी सोडली. अमेरिकेतल्या कंपन्यांनी दारं लावून घेतली, तेव्हा १९६७ मध्ये ती हॉलंडच्या राष्ट्रीय बॅलेत गेली आणि तिथे काही वर्षं नाचली. ती वारली डिसेंबर २०१८ मध्ये. क्लोएचा बर्लिनमधला तो पहिलाच हंगाम.

या दोघींत आणि क्लोएत एक फरक आहे. विल्किन्सनच्या बाबतीत पावडरीचं कारण, कितीही किळसवाणं असलं तरी, उघड होतं: काळी बाई गोऱ्यांबरोबर नाचताना दिसली तर दंगा होईल, प्रयोग बंद पडेल. बर्लिनमध्ये २०१८ साली असलं काहीच नव्हतं. प्रेक्षकाने तक्रार केलेली नाही, कायदा तर उलट भेदभावाच्या विरोधात. भीतीचं कारण गेलं होतं. पावडर मात्र राहिली होती आणि आता तिला 'सौंदर्य' म्हणत होते.

क्लोएने सांगितलेला दुसरा प्रसंग मला पहिल्यापेक्षा बोलका वाटतो. 'ला बायादेर'च्या तालमीत नर्तकींना पांढऱ्या ओढण्या वाटल्या जात होत्या. तिची पाळी आली तेव्हा बॅले मिस्ट्रेस म्हणाली की तुला ही देता येत नाही, ओढणी पांढरी आहे आणि तू काळी आहेस. बाकीचे हसले.

आता हे नाटक कुठलं आहे ते बघा. 'ला बायादेर' घडतं भारतात. नायिका निकिया ही देवळातली नर्तकी, नायक सोलोर हा योद्धा, आणि राजा आहे गोवळकोंड्याचा. मारियस पेतिपा यांनी ते १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला बसवलं, संगीत लुडविग मिंकुस यांचं. नाटकाच्या नावाचं मूळ पोर्तुगीज 'बायलादैरा'. गोव्यातल्या कलावंतिणींना पोर्तुगीज त्याच नावाने ओळखत. १८३८ मध्ये पुदुच्चेरीजवळच्या देवदासींचा एक छोटा संच पॅरिसला जाऊन नाचला होता आणि अम्मनी नावाच्या नर्तकीने तिथल्या लेखकांना वेड लावलं होतं. तरी पेतिपांच्या बॅलेत भारतीय नाचाचं काही आलं नाही. आले ते दागिने, हत्ती, सापाची टोपली, आणि अफूच्या धुंदीत सोलोरला दिसणारं छायांचं राज्य: उतारावरून एकामागून एक खाली येणाऱ्या, कुठे चोवीस तर कुठे बत्तीस, पांढऱ्या नर्तकी.

म्हणजे कथा अशी की या सगळ्या जणी हिंदुस्थानातल्या देवळांतल्या, सावळ्या वर्णाच्या बायका. त्यांच्या भूमिकेत गोरी नर्तकी चालते, जपानी चालते, ब्राझीलची चालते. काळ्या कातडीवर पांढरी ओढणी मात्र चालत नाही. गोव्यापासून तामिळनाडूपर्यंत ज्या कोणी नाचल्या असतील त्यांच्यापैकी कोणाला त्या ओळीत उभं केलं असतं, तर ओढणी मिळाली असती का, हा प्रश्न तिथे कोणाला पडला नसावा.

आणि याच नाटकाची दुसरी बाजू त्याच सुमारास मॉस्कोत दिसली. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरची मिस्टी कोपलंड हिने एक छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकलं. बोल्शोईतल्या 'बायादेर'च्या तालमीसाठी दोन गोऱ्या मुलींनी तोंडाला आणि अंगाला काळा रंग फासला होता. कोपलंड ही २०१५ मध्ये त्या कंपनीच्या ७५ वर्षांच्या इतिहासातली पहिली कृष्णवर्णीय स्त्री प्रमुख नर्तकी झाली होती, त्यामुळे तिच्या बोलण्याला वजन होतं. बोल्शोईचे संचालक व्लादिमीर उरिन यांनी हे सगळं हास्यास्पद ठरवलं. हे बॅले असंच हजारो वेळा झालंय, त्यावर चर्चा करायची नाही, असा त्यांचा पवित्रा होता.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की 'एकसारखेपणा'चा मुद्दा आपोआप गळून पडतो. मॉस्कोत गोऱ्या मुलीने काळी व्हायचं, बर्लिनमध्ये काळ्या मुलीने गोरी व्हायचं. दोन्हीकडे रंग बदलता येतो हे गृहीत आहे. काळी नर्तकी काळीच राहून छाया किंवा हंस होते, एवढाच पर्याय वहीत नाही.

बॅले मिस्ट्रेसच्या बोलण्यातली एक गोष्ट मात्र मी धुडकावून लावणार नाही. क्लोएला ती सांगायची की तू काळी असल्यामुळे उठून दिसतेस, ओळ चुकली तर तूच नजरेत येतेस. हे खोटं नाही. तेवीस गोऱ्या आणि एक काळी अशा ओळीत नजर त्या एकीकडे जातेच, आणि तिचा हात अर्धा इंच खाली असला तर तो सगळ्यांना दिसतो. शेजारणीचा हात एक इंच खाली असला तरी निसटतो. यातून तालमीत काय होतं ते सांगायला नको: सूचना एकीलाच, ओरडा एकीलाच, आणि वर्षअखेरीस शेरा असा की हिच्या चुका फार.

पण ही अडचण कातडीची नाही, संख्येची आहे. चोवीसांत सहा-सात जणी वेगवेगळ्या वर्णांच्या असत्या तर नजरेला धरायला कोणी 'एक' राहिलीच नसती. ओळ मोडते ती वेळ चुकल्याने, मानेचा कोन चुकल्याने, अंतर चुकल्याने. समूहनृत्य बसवणाऱ्या कोणालाही, मग तो बॅलेवाला असो की गणेशोत्सवात लेझीमचं पथक उभं करणारा ड्रिल मास्तर, हे ठाऊक असतं. नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलनशीन यांनी १९५७ मध्ये 'आगोन' या बॅलेतलं युगुलनृत्य काळा आर्थर मिचेल आणि गोरी डायना ॲडम्स यांच्यावर बसवलं, तेव्हा दोन वर्णांचे हात एकमेकांत गुंफणं हे रचनेचंच अंग होतं. तो वाद ओढवून घेणं होतं, पण डोळ्यांना ते खटकलं म्हणून नव्हे; १९५७ च्या अमेरिकेला ते खटकलं म्हणून.

मिचेल यांनीच १९६९ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, कारेल शूक यांच्या साथीने डान्स थिएटर ऑफ हार्लेम काढलं. या कंपनीने १९७० च्या दशकातच गुलाबी टाइट्स टाकून प्रत्येक नर्तकीच्या कातडीशी जुळणाऱ्या टाइट्स आणि शूज घालायला सुरुवात केली. बॅलेत टाइट्स आणि पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहण्यासाठीचे शूज, गुलाबी का? तर गोऱ्या पायाची रेष मांडीपासून अंगठ्यापर्यंत अखंड दिसावी म्हणून. काळ्या नर्तकीने तेच गुलाबी घातलं की तिची रेष कमरेपाशी तुटते. जे साधन एकीची रेष लांबवायला तयार झालं, तेच दुसरीची रेष कापतं.

त्यावर उपाय म्हणून काळ्या नर्तकी वर्षानुवर्षं स्वतःचे शूज स्वतः रंगवत आल्या. नव्या साटिनच्या शूजवर आपल्या रंगाचं फाउंडेशन स्पंजने थापायचं, फिती रंगवायच्या, टाचेची शिवण रंगवायची, वाळवायचं, डाग राहिले तिथे परत हात मारायचा. पॉइंट शूजचा पुढचा कडक डबा कापड, कागद आणि खळीचे थर चिकटवून केलेला असतो, त्यामुळे फार ओलं करून चालत नाही, तो मऊ पडतो. आणि एवढं करून तो जोड प्रमुख नर्तकीच्या पायात एखाद-दुसरा प्रयोगच टिकतो. फाउंडेशनचा खर्च बहुतेक वेळा स्वतःचा. लंडनच्या फ्रीड कंपनीने, जी १९२९ पासून पॉइंट शूज बनवते, कृष्णवर्णीय आणि आशियाई नर्तकांच्या 'बॅले ब्लॅक' या संचाबरोबर काम करून तपकिरी आणि ब्राँझ रंगांचे शूज बाजारात आणले ते २०१८ मध्ये. शूज बनवणाऱ्याला जे त्या वर्षी उमगलं, ते त्याच वर्षी बर्लिनच्या तालीमखोलीत उलट्या दिशेने चाललं होतं.

आता कराराकडे येऊ, कारण क्लोए दोन वर्षं गप्प का होती याचं उत्तर तिथे आहे. जर्मन थिएटरांत नर्तक, गायक, नट यांना एक वेगळा सामूहिक करार लागू असतो. नेमणूक एका हंगामाची. दोन्हीपैकी कोणी काही बोललं नाही तर ती आपोआप पुढच्या हंगामाला लागते. पण थिएटरला ती वाढवायची नसेल तर साधारण ३१ ऑक्टोबरपर्यंत तसं लेखी कळवलं की पुढच्या जुलैअखेर माणूस मोकळा. आधी त्या कलाकाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, पण 'कलात्मक कारण' एवढं पुरतं. पंधरा वर्षं एका ठिकाणी झाली की मग सहज काढता येत नाही.

या व्यवस्थेला तिचं म्हणून एक कारण आहे. नवा दिग्दर्शक आला की त्याला आपला संच उभा करता यावा. पण त्याचा परिणाम असा की तरुण नर्तकी दर ऑक्टोबरात श्वास रोखून बसते, आणि तिच्याबद्दल 'कलात्मक' मत ज्यांच्या तोंडून दिग्दर्शकापर्यंत जातं, त्यांच्याविरुद्ध तक्रार करायची म्हणजे आपल्याच हाताने आपला कागद फाडायचा. नवा दिग्दर्शक नसेल, हंगामी कारभार चालू असेल, तेव्हा तर रोजच्या तालमीवर नजर ठेवणाऱ्यांचं मत आणखी जड होतं. बर्लिनमध्ये २०२० साली हेच होतं. दिग्दर्शक निघून गेले होते, क्रिस्टियाने थेओबाल्ट प्रभारी म्हणून सूत्रं सांभाळत होत्या, वर महामारीने थिएटरं बंद.

शिवाय ते वर्ष साधं नव्हतं. मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला होता आणि युरोपातल्या नाट्यगृहांनाही आपल्या घरात डोकवावं लागत होतं. पॅरिस ऑपेरातल्या कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय नर्तकांनी त्याच उन्हाळ्यात सहकाऱ्यांना पत्र लिहून कातडीच्या रंगाच्या टाइट्स आणि शूज मिळावेत, तोंडाला काळं फासणं बंद व्हावं अशा मागण्या मांडल्या. त्यावर नव्या संचालकांनी इतिहासकार पाप न्दियाय आणि कॉन्स्टन्स रिव्हिएर यांच्याकडून अहवाल मागवला आणि तो फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. क्लोए बोलली ती या हवेत, आणि करार जाणार हे कळल्यावर. गमावण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

कंपनीने खेद व्यक्त केला, तक्रारीसाठी बाहेरची यंत्रणा नेमण्याचं आणि कार्यशाळा घेण्याचं जाहीर केलं. मग ती एप्रिलमधली तडजोड. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. तडजोड म्हणजे निकाल नव्हे. कोण खरं, कोण खोटं, हे त्यात ठरलेलं नाही. पावडरीचा हुकूम हा कायद्याच्या भाषेत भेदभाव होता का, हा प्रश्न कोणाही न्यायाधीशाला सोडवावा लागला नाही. तिच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे. नर्तकीची वर्षं मोजकी असतात आणि खटले लांबतात. पण त्यामुळे उद्या ड्रेस्डेन किंवा म्युनिकमधल्या नर्तकीच्या हातात दाखवायला निकालाचा कागद नाही.

थेओबाल्ट यांनी पुढे एक पाऊल टाकलं आणि त्यावरून जास्त गदारोळ झाला. २०२१ च्या हिवाळ्यात त्यांनी 'नटक्रॅकर'चे प्रयोग काढून घेतले, कारण त्यातले चिनी आणि पौर्वात्य नाच आज जसेच्या तसे दाखवणं त्यांना पटेना. नाताळात 'नटक्रॅकर' नाही म्हणजे जर्मन कुटुंबांच्या सणावरच गदा! वर्तमानपत्रांतून बरीच चिडचिड झाली. माझं मत विचाराल तर मला ते पाऊल चुकीचं वाटत नाही, पण थोडं सोपं वाटतं. एखादं नाटक बासनात बांधून ठेवता येतं, त्याची बातमी होते. रोज सकाळी दहाला तालीमखोलीत कोण कोणाला काय बोलतं ते बासनात बांधता येत नाही.

कंपन्यांच्या प्रगतीचा हिशेब साधारणपणे 'पहिली', 'पहिला' या शब्दांत मांडला जातो. क्लोए बर्लिनची पहिली. गियोम दियोप मार्च २०२३ मध्ये सोलच्या दौऱ्यात 'जिझेल'नंतर पॅरिस ऑपेराचा पहिला कृष्णवर्णीय एतवाल, म्हणजे तिथला सर्वोच्च दर्जाचा नर्तक, झाला. ही आनंदाची गोष्ट आहेच. पण बर्लिनचं प्रकरण दाखवतं की पहिली असणं ही सर्वांत उघडी पडणारी जागा आहे. तिला आधार होता तो एका दिग्दर्शकाच्या तोंडी शब्दाचा. शब्द देणारा गेला तसा शब्दही गेला. ओमान यांनी तेव्हा जे केलं ते योग्यच होतं. त्यांनी ते लिहून मात्र ठेवायला हवं होतं.

आणि लिहायला जागा असते. कुठल्याही मोठ्या कंपनीत प्रत्येक निर्मितीची मेकअपची नोंद असते: कोणत्या अंकात कोणाला काय, केस कसे, डोळे कसे, अंगाला काय. 'स्वान लेक'च्या दुसऱ्या आणि चौथ्या अंकापुढे 'समूहाने अंगाला पांढरं' असं लिहिलेलं असेल, तर तिथे 'प्रत्येकीने स्वतःच्या वर्णाचा मॅट थर, पांढरं कोणालाही नाही' असं लिहिता येतं. चांदणं हवं असेल तर ते दिव्यांनी आणायचं. त्यासाठी प्रकाशयोजना करणाऱ्याला तालमीला बसवून, काळ्या कातडीवर निळा फिल्टर किती चढवला की दंडाची रेष बुडते आणि बाजूने किती उजेड टाकला की ती परत वर येते, हे एका दुपारी बघून घ्यावं लागेल. ते काम प्रकाशयोजनाकाराचं आहे, नर्तकीच्या स्पंजचं नाही. नवा दिग्दर्शक येईल तेव्हा त्याला ती नोंद बदलायची असेल तर खुशाल बदलावी. पण मग ते त्याला सही करून, तारीख घालून बदलावं लागेल.